दोन तपकिरी ठिपके

गेल्या वर्षी श्रावणात, मंगळागौरीच्या दुसऱ्या दिवशी, स्नान करताना माझ्या पत्नीच्या हाताला डाव्या स्तनात एक गाठ लागली. तिने ती कोणालाही सांगितली नाही. गौरी-गणपतीला मुलगा-सून, लेक-जावई, नातवंडे असे सारे घर भरणार होते. त्या आनंदात विघ्न नको, असा तिचा विचार. गौरी विसर्जन झाले, माणसे आपापल्या गावी परतली आणि एका रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने मला सांगितले, "अहो, एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे." त्यानंतर आला पितृपंधरवडा. त्या दिवसांत डॉक्टरांची पायरी चढायला ती तयार होईना. मीही फार आग्रह धरला नाही, कारण खरे सांगायचे तर मलाही भीती वाटत होती. भीतीला मुहूर्ताचे निमित्त मिळाले की ती किती सोज्वळ दिसू लागते, हे मी तेव्हा अनुभवले.

पत्नीचे वय अडुसष्ट. चार वर्षांपूर्वी तिला हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. इकोच्या अहवालात हृदयाची रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता ४५ टक्के असल्याचे लिहिलेले. आम्ही वाईला राहतो. मी माध्यमिक शाळेतून भूगोलाचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो. नकाशे वाचण्यात माझा जन्म गेला, परंतु पुढच्या तीन महिन्यांत ज्या कागदांशी गाठ पडली, ते वाचण्याची विद्या मला अवगत नव्हती. ती मी कशी शिकलो आणि शिकता शिकता काय चुकलो, ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

नवरात्रात एका शुक्रवारी संध्याकाळी गावातल्या शल्यचिकित्सकांनी जाड सुईने गाठीचे चार-पाच बारीक तुकडे काढले. तांदळाच्या शेवईचे तुकडे असावेत तसे ते दिसत होते. फॉर्मॅलिन नावाच्या उग्र वासाच्या द्रावात ते घालून ती छोटी बाटली माझ्या हाती देण्यात आली. "साताऱ्याच्या प्रयोगशाळेत नेऊन द्या," एवढेच सांगण्यात आले. केव्हापर्यंत द्यायची, हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. शनिवारी मी साताऱ्याला पोहोचेपर्यंत प्रयोगशाळा बंद झाली होती. रविवारी सुट्टी, सोमवारी दसरा. मंगळवारी मलाच ताप भरला. ती बाटली स्वयंपाकघरात नको, देवघराजवळ नको, म्हणून दाराआडच्या कोनाड्यात ठेवली होती. बुधवारी सकाळी दहा वाजता मी ती प्रयोगशाळेत दिली. औषधी पाण्यात आहे, म्हणजे खराब होणार नाही, अशी माझी समजूत होती. लोणचे मुरते तसे, असेही कदाचित मनात असेल.

आठ दिवसांनी अहवाल आला. गाठ कर्करोगाची होती. पुढे लिहिले होते की स्त्री-संप्रेरकांना प्रतिसाद देणारी ग्राहके या पेशींवर आहेत. आणि त्याखाली ओळ होती, "हर-टू : २+". ती वाचून मी खुर्चीत बसलो. 'दोन अधिक' म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्याही पुढे, असा अर्थ मी लावला. शेजारच्या सद्गृहस्थांनीही तोच लावला. पुण्याला मुलाला फोन केला, तेव्हा तोही क्षणभर गप्प झाला. पत्नी मात्र म्हणाली, "आकडाच आहे ना? मग डॉक्टरांना विचारा. तुम्ही मुलांना उत्तर येत नसताना अंदाजाने लिहू देत होता का?"

पुण्याच्या कर्करोगतज्ज्ञांनी पहिल्या भेटीतच आमचा हा गैरसमज दूर केला. रोगाचा टप्पा आणि हा आकडा यांचा काहीही संबंध नाही. आपल्या सतराव्या गुणसूत्रावर 'हर-टू' नावाचे एक जनुक असते. त्या जनुकाच्या आज्ञेने एक प्रथिन तयार होऊन पेशीच्या पृष्ठभागावर बसते आणि पेशीला वाढण्याचा संदेश देते. ते निरोगी पेशीतही असतेच. मात्र स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण १५ ते २० टक्क्यांमध्ये या जनुकाच्या प्रती अनेक पटींनी वाढतात, प्रथिनाचा पूर येतो आणि रोग अधिक वेगाने पसरू पाहतो. अमेरिकेतील डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली हा संबंध दाखवून दिला. त्याच प्रथिनाला जाऊन अडवणारे ट्रॅस्टुझुमॅब हे औषध १९९८ साली अमेरिकेत मान्य झाले. ज्या निदानाने पूर्वी डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडे, त्याचे भवितव्य त्या औषधाने बदलले.

प्रयोगशाळेत प्रथम प्रथिन रंगवून पाहतात. रंग नाही किंवा अगदी फिकट, तर ० किंवा १+, म्हणजे 'नाही'. पेशीभोवती गडद, पूर्ण कडे दिसले, तर ३+, म्हणजे 'आहे'. आणि २+ म्हणजे? "म्हणजे आम्हाला सांगता येत नाही," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "हा कुंपणावरचा आकडा आहे. आता प्रथिन पाहून भागणार नाही, मूळ जनुकच मोजावे लागेल."

"आणि मोजले नाही तर?" मुलाने विचारले. "औषध देऊनच टाकले तर?"

डॉक्टरांनी पत्नीच्या इकोचा कागद पुढे ओढला. ते औषध साधारण वर्षभर, दर तीन आठवड्यांनी शिरेतून देतात. काही रुग्णांत त्याने हृदयाची शक्ती कमी होते. म्हणून दर तीन महिन्यांनी इको करावा लागतो. ज्यांचे हृदय मुळातच अशक्त, त्यांच्या बाबतीत धोका अधिक. "जनुक वाढलेले असेल तर हृदयतज्ज्ञांना सोबत घेऊन आपण मार्ग काढू. कारण तेव्हा औषध न देणे हीच मोठी चूक ठरेल. पण जनुक वाढलेले नसताना त्यांच्या हृदयावर हा भार टाकायचा, तर त्या बदल्यात त्यांना काहीच मिळणार नाही." खोटा होकार आणि खोटा नकार, दोन्ही सारखेच महाग. आमचे सारे त्या एका तपासणीवर येऊन ठेपले. तिचे नाव क्रोमोजेनिक इन सिटू हायब्रिडायझेशन, बोलीभाषेत 'सिश'.

त्याच बायॉप्सीचा मेणाचा ठोकळा मागवून तपासणी झाली. खर्च काही हजारांचा. दहा दिवस वाट पाहिली आणि अहवालात उत्तर आले ते असे : निरोगी पेशींमध्येही ठिपके दिसले नाहीत, त्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही. मुलगा म्हणाला, "ठिपके नाहीत म्हणजे निगेटिव्हच ना?" मलाही क्षणभर तसेच म्हणावेसे वाटले. सुटकेचा हा मार्ग किती सोपा होता! तरीही आम्ही ज्या विकृतिशास्त्रज्ञ डॉक्टरबाईंनी अहवालावर सही केली होती, त्यांची वेळ मागितली. रुग्णाच्या नातेवाइकांना असे भेटणे त्यांच्या कामात बसत नसावे. पण त्यांनी नकार दिला नाही. पत्नीही हट्टाने सोबत आली.

त्यांनी आम्हाला आधी तपासणी समजावून सांगितली. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये स्थिर होतो, मग मेणात बसवतात. त्या ठोकळ्याचा सुमारे चार मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या हजारांपैकी चार भाग जाडीचा पापुद्रा काचपट्टीवर घेतात. उष्णता देऊन आणि पेप्सिन वापरून ऊतीचे घट्ट जाळे सैल करतात. पेप्सिन म्हणजे आपल्या जठरात अन्न पचवणारेच द्रव्य. जनुक दोन पदरांच्या पिळासारखे असते. काचपट्टी पंच्याण्णव अंशांच्या आसपास तापवली की पीळ उलगडून पदर वेगळे होतात. त्या वेळी प्रयोगशाळेत तयार केलेला एक पूरक तुकडा त्यावर सोडलेला असतो. मग रात्रभर ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या शरीराच्याच उबेत, ती काचपट्टी ठेवतात. अख्ख्या केंद्रकातून तो तुकडा आपली नेमकी जोडी शोधतो आणि तिला बिलगून बसतो. दुसऱ्या दिवशी बाकीचे सारे धुऊन टाकून, त्या तुकड्याला लावलेल्या खुणेवर रंग चढवतात. जिथे जनुक, तिथे तपकिरी ठिपका. भोवतालचे केंद्रक एका झाडाच्या खोडातून मिळणाऱ्या रंगाने निळे केलेले असते.

"ती खूण कशाची असते?" पत्नीने विचारले.

"डिगॉक्सिजेनिनची. डिजिटॅलिस नावाच्या वनस्पतीतून येणारा पदार्थ. हृदयाची डिगॉक्सिनची गोळी माहीत असेल तुम्हाला? तिच्याच कुळातला. आपल्या शरीरात तो मुळीच नसतो, म्हणून खूण म्हणून चांगला. दुसऱ्या कशाशी गल्लत होत नाही."

पत्नी हसली. तिच्या वडिलांच्या उशाशी ती गोळी अनेक वर्षे होती. माहेरी गेली की पेल्यात पाणी घेऊन ती गोळी त्यांना देण्याचे काम हिचेच असे.

ही विद्या फार जुनी नाही. जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी १९६९ साली पेशीच्या आतच जनुकीय द्रव्याची जोडी जुळवून दाखवली. तेव्हा खूण किरणोत्सारी असे आणि चित्र उमटण्यासाठी बराच काळ थांबावे लागे. पुढे चकाकणाऱ्या रंगांची पद्धत आली. ती उत्तम असली तरी तिला खास सूक्ष्मदर्शक आणि अंधारी खोली लागते, आणि कालांतराने ती चकाकी विझते. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या, टिकाऊ रंगाने हर-टू जनुक मोजण्याची रीत २००० साली प्रसिद्ध झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "यात पेशींची ठेवण आणि जनुकाचे ठिपके एकाच वेळी दिसतात. शिवाय काचपट्टी जपून ठेवता येते. शंका आली तर वर्षांनी पुन्हा काढून पाहता येते, दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवता येते."

मग त्या मूळ मुद्द्यावर आल्या. प्रत्येक निरोगी पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतातच. म्हणून कर्करोगाच्या पेशींशेजारच्या निरोगी पेशी आपोआप साक्षीदाराचे काम करतात. त्यांच्यातही ठिपके नाहीत, याचा अर्थ जनुक नाही असा नव्हे. तपासणी लागूच पडली नाही असा होतो. "दिवा लागला नाही म्हणून खोलीत कोणी नाही असे म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी विचारले, "नमुना फॉर्मॅलिनमध्ये किती वेळ होता, सांगता येईल?"

मी कोनाड्यातल्या बाटलीची हकीकत सांगितली. शुक्रवार संध्याकाळ ते बुधवार सकाळ. मनात बेरीज केली : ११२ तास. या तपासणीसाठी नमुना सहा ते बहात्तर तासच फॉर्मॅलिनमध्ये असावा, असा दंडक आहे. कमी वेळ ठेवला तर ऊती कच्ची राहते. फार वेळ ठेवला तर तिचे जाळे इतके घट्ट विणले जाते की तो शोधक तुकडा आत पोहोचू शकत नाही. "एकच कारण मी छातीठोकपणे सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "पण हे एक असू शकते. आणि दोष तुमचा एकट्याचा नाही. बाटलीवर वेळ लिहायला हवी होती, केव्हापर्यंत द्यायची ते सांगायला हवे होते."

त्यांच्या या वाक्यात माझ्यासाठी सहानुभूती होती, ती मी घेतली. परंतु घरी परतताना खंबाटकीचा घाट सुरू झाला तरी मी एक शब्द बोललो नाही. पत्नीचा हात माझ्या हातावर होता. शेवटी तीच म्हणाली, "मी दीड महिना गप्प बसले, तुम्ही साडेचार दिवस. हिशेब मांडायचाच असेल तर माझ्यापासून सुरू करा." त्यानंतर आमच्या घरात हा हिशेब पुन्हा निघाला नाही.

शस्त्रक्रिया ठरलेलीच होती. या वेळी डॉक्टरबाईंच्या सूचनेप्रमाणे मी शल्यचिकित्सकांना आधीच विनंती केली. काढलेला भाग तासाभराच्या आत, काप देऊन, भरपूर फॉर्मॅलिनमध्ये घातला गेला आणि बाटलीवर तारीख-वेळ लिहिली गेली. तो प्रयोगशाळेत नेण्याचे काम रुग्णालयाच्या माणसानेच केले. गाठ १.६ सेंटीमीटरची निघाली. काखेतल्या ग्रंथी स्वच्छ होत्या. प्रथिनाची तपासणी पुन्हा २+ आली. पुन्हा सिश.

निकालाच्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हाला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावले. मी डोळा लावला. फिकट निळी, लांबट-गोल केंद्रके, आणि त्यांत तपकिरी ठिपके. कुठे दोन, कुठे एक. "पापुद्रा इतका पातळ की काही केंद्रके अर्धीच कापली जातात, म्हणून कुठे एकच दिसतो," त्यांनी सांगितले. "आम्ही किमान वीस पेशींतले ठिपके मोजून सरासरी काढतो. सरासरी सहा किंवा त्याहून अधिक आली तर जनुक वाढलेले. तेव्हा बहुधा ठिपके मोजताच येत नाहीत, घोसच दिसतात. चारच्या खाली असेल तर वाढलेले नाही. मधले असेल तर सतराव्या गुणसूत्रालाही वेगळा रंग देऊन दोन्हींची तुलना करावी लागते. यांची सरासरी दोनच्या आसपास आहे. शेजारच्या निरोगी पेशींतही ठिपके स्पष्ट आहेत, म्हणजे या वेळचा निकाल विश्वासाचा आहे. जनुक वाढलेले नाही."

मग पत्नीने पाहिले. ती बराच वेळ पाहत राहिली. "हे दोनच का असतात?"

"एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून."

तिने डोळा काढला नाही. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "म्हणजे दोघेही आहेत अजून."

तिची आई जाऊन तेवीस वर्षे झाली आहेत, वडिलांना जाऊन एकोणीस. खोलीत कोणी काही बोलले नाही. डॉक्टरबाईंनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा मात्र लगेच बंद केला नाही.

'निगेटिव्ह' हा शब्द ऐकून मुलाला प्रथम वाईट वाटले. इतके नावाजलेले औषध आईला मिळणार नाही, अशी त्याला हळहळ लागली. कर्करोगतज्ज्ञांनी त्याला समजावले की कुलूपच नसेल तर किल्ली मिळाली नाही म्हणून शोक करण्याचे कारण नाही. पत्नीच्या गाठीला संप्रेरकांचे खाद्य मिळत होते. तेच तोडणारी रोजची एक गोळी सुरू झाली. ती निदान पाच वर्षे घ्यायची आहे. केमोथेरपीची गरज डॉक्टरांना वाटली नाही. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून कॅल्शियम, चालणे आणि वेळोवेळी तपासणी चालू आहे. तिचे हृदय जसे होते तसेच आहे. वर्षभराच्या सलाइनांचा आणि त्या मागोमाग येणाऱ्या काळजीचा भार त्याच्यावर पडला नाही. हे सारे दोन ठिपक्यांनी वाचवले.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा कागद कधी ना कधी येतो. माझ्या अनुभवातून शिकलेल्या चार गोष्टी नम्रपणे सांगतो. नमुन्याची बाटली हाती आली तर ती कोनाड्यात ठेवण्याची वस्तू नव्हे. किती तासांत आणि कोठे पोहोचवायची, सुट्टी आल्यास काय करायचे, हे तिथेच विचारावे आणि नमुना काढल्याची वेळ बाटलीवर लिहून घ्यावी. अहवालातला २+ हा रोगाचा टप्पा नाही. ते एक अनुत्तरित प्रश्नचिन्ह आहे आणि त्याच्या पुढची तपासणी टाळू नये. 'निष्कर्ष काढता आला नाही' याला 'नाही' समजू नये. दुसऱ्या नमुन्यावर तपासणी होऊ शकेल का, हे विचारावे. आणि मेणाचा ठोकळा व काचपट्ट्या कोणत्या प्रयोगशाळेत आहेत याची नोंद अहवालांच्या फाइलमध्ये ठेवावी. पुढे दुसरे मत घ्यायचे झाले तर तोच आपला खरा दस्तऐवज असतो.

पाचवी गोष्ट पत्नीने सांगितली आहे, तिच्याच शब्दांत लिहितो : "गाठ लागली तर त्याच दिवशी सांगा. सण पुढच्या वर्षीही येतो."

यंदाच्या श्रावणात ती पुन्हा मंगळागौरीला गेली होती. फुगडी खेळली नाही, पण कडेला बसून गाणी म्हटली. परत आली तेव्हा केसांत जाई होती. मी विचारले, "दमलीस का गं?" तर म्हणाली, "दमले. पण सांगायचे काही राहिलेले नाही."